नाकाबंदी ३१ डिसेंबरची, मामा गेले ते साध्या मंगळवारी

कृष्णाकाठ
२ जानेवारी, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षे वाचतो आहे, धागा मात्र पहिल्यांदाच काढतोय. थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

परवा ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला: "वाढे फाट्यावर पोलीस उभे आहेत, मशीन आहे. निघणाऱ्यांनी आतल्या रस्त्याने जा." मशीन म्हणजे ब्रेथ अ‍ॅनालायझर, फुंकायला लावून दारू मोजणारं. खाली वीस-बावीस जणांचे अंगठे. ग्रुपमध्ये शिक्षक आहेत, एक जण बँकेत मॅनेजर आहे, बाकी सगळे माझ्यासारखे लेकराबाळांचे बाप.

मी लिहिलं, "जो पिऊन निघालाय त्याला आपण आतल्या रस्त्याला लावतोय. तिथे दिवे नाहीत आणि कडेने माणसं चालत असतात." उत्तर आलं, "सणाचा दिवस आहे, कशाला कुणाचे दहा हजार घालवायचे?" मग मी गप्प बसलो. दोन दिवस ते डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझे मामा गेल्या ऑगस्टमध्ये गेले. कराडजवळ आमचं आजोळ आहे. संध्याकाळी साडेसातला डेअरीला दूध घालून ते फाट्यावरून घरी चालले होते, हातात रिकामी किटली. मागून मोटरसायकल आली. चालवणारा पलीकडच्याच वाडीतला, मामांना नावाने ओळखणारा. ढाब्यावर दोन तास बसून निघाला होता. मामांना दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. किटली दोन दिवसांनी उसाच्या सरीत सापडली, झाकण काही मिळालं नाही. मामी अजून तीच किटली वापरते, वर एक वाटी उपडी घालून.

त्या दिवशी मंगळवार होता. गटारी नाही, धुळवड नाही, थर्टी फर्स्ट नाही. रस्त्यात एकही पोलीस नव्हता, आणि त्या ढाब्यावरच्या कुणालाही "आज असू शकतो" असं वाटलंही नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडायच्या पोलिसांच्या या मोहिमेबद्दल लोकांना माहिती खूप आहे, पण ती चुकीच्या गोष्टीची. नाका कुठे लागतो, किती वाजता उठतो, कुठून वळायचं, हे पोरासोरांना पाठ आहे. मशीनमध्ये नक्की काय मोजतात, किती प्यायलं म्हणजे गुन्हा, शेजारी बसलेल्याचं काय होतं, हे विचारलं तर ग्रुपमधल्या एकालाही सांगता येत नाही. मलाही मामा गेल्यावरच कळलं.

तुमच्या गावात काय परिस्थिती आहे? पोलिसांनी काय केलं तर फरक पडेल, आणि आपण काय करू शकतो? कृपया मनापासून लिहा.

---

शुभदा_नाशिक
२ जानेवारी, रात्री ११:०२

वाचून पोटात तुटलं. मामींना माझा नमस्कार सांगा.

बायकांच्या बाजूने एक सांगते. लग्न, बारसं, मुंज, साखरपुडा, कुठलाही कार्यक्रम असो, जेवणं झाल्यावर पुरुष मंडळी "जरा खाली जाऊन येतो" म्हणून जातात. तासाभराने येतात आणि आपण मुलांना घेऊन गाडीत बसतो. मी अशी सात वर्षं बसले. प्रत्येक वेळी मांडीवरच्या मुलीला घट्ट धरायचे. मला गाडी चालवता येत नाही, हे मला माझंच कमीपण वाटायचं.

शेवटी बत्तिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूल लावलं. घरात कारण सांगितलं मुलीच्या शाळेचं. आता कार्यक्रमाला निघतानाच किल्ली माझ्या पर्समध्ये असते. पहिल्या दोन-तीन वेळा ह्यांना ते मानहानीचं वाटलं, चारचौघांत तसं बोललेही. आता सवय झाली आहे.

माझा प्रश्न: शेजारी बसणाऱ्यालाही शिक्षा होते असं ऐकलं, ते खरं का? मी ती सात वर्षं गुन्हेगार होते का?

---

खाकी३३
३ जानेवारी, सकाळी ७:२०

कृष्णाकाठ, तुमचं दुःख समजतं. मी तेहेतीस वर्षं पोलीस खात्यात काढली, त्यातली अकरा वाहतूक शाखेत. मुंबईत होतो, शेवटची काही वर्षं सोलापूर भागात. जे माहीत आहे ते सांगतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. गांजा किंवा इतर अमली पदार्थ घेऊन गाडी ताब्यात ठेवता येत नसेल तरी तेच कलम. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्या वेळचा दंड दोन हजारांपर्यंतच होता. लोकांच्या डोक्यात "दहा हजार" बसले ते तेव्हापासून. कैद मात्र कुणाच्या लक्षात नाही, आणि लायसन्स निदान तीन महिने निलंबित करावं असं सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने सांगितलंय, तेही नाही.

शुभदाताई, कलम १८८ आहे, ते अशा गुन्ह्याला मदत किंवा चिथावणी देणाऱ्याला लागतं. पेलेल्या मित्राच्या हातात स्वतःची किल्ली देणारा, "चल रे, काही होत नाही" म्हणणारा, तो त्यात येतो. मांडीवर लेकरू घेऊन जीव मुठीत धरून बसलेल्या बाईसाठी ते कलम नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

आता नाका कसा चालतो ते. आम्ही पॉइंट अशा जागी लावतो की आधी वळायला जागा नसावी. बॅरिकेड तिरके लावून गाड्या एका रांगेत घ्यायच्या. काच खाली करायला सांगून दोन वाक्यं बोलायची: कुठून आलात, कुठे चाललात. निम्मं तिथेच कळतं. मग मशीन. प्रत्येकासाठी नळी नवीन, पाकीट त्याच्यासमोर फोडायचं. आधी मशीनचं कोरं रीडिंग दाखवायचं, मग लांब फुंकायला लावायचं. खोटं फुंकणारे गाल फुगवतात, हवा आत जातच नाही. मशीनला फुप्फुसाच्या तळातली हवा लागते, म्हणून सलग फुंकावं लागतं.

वेलची, पान, लवंग, कच्चा कांदा, सगळे उपाय पाहिलेत. तोंडाचा वास झाकतो, रक्तातली दारू जात नाही. उलट माउथवॉशने चुळा भरून येतो त्याचं रीडिंग वर जातं, कारण त्यातही अल्कोहोल असतं. "मी फक्त माउथवॉश घेतलंय" असं कुणी सांगितलं तर आम्ही पंधरा-वीस मिनिटं बसवून पुन्हा फुंकायला लावायचो. खरं बोलणारा सुटायचा.

फुंकायला नकार दिला म्हणजे सुटलो, असंही नाही. तो नकारच कोर्टात तुमच्या विरुद्धच्या पुराव्याला बळ देणारा धरता येतो, कलम २०५. अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी करून घ्यावी लागते, नाहीतर त्याला सोडावं लागतं. ही दोन तासांची अट माणसाच्या भल्याची आहे, पण ग्रामीण भागात रात्री डॉक्टर गाठेपर्यंत आमची पळापळ होते.

मुंबईत ही मोहीम नेटाने सुरू झाली २००७ च्या जूनमध्ये. त्याआधी १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गाडी गेली होती, सात जण मेले. खालच्या कोर्टाने सहा महिन्यांची शिक्षा दिली तेव्हा लोक खवळले. हायकोर्टाने ती तीन वर्षं केली, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये कायम ठेवली. मोहीम सुरू झाल्यावर चांगल्या घरातली माणसं खरोखर आर्थर रोड तुरुंगात जाऊन आली. त्या काळात पार्टीला ड्रायव्हर घेऊन जायची पद्धत वाढलेली मी डोळ्यांनी पाहिली. दंडापेक्षा "पकडला गेलो तर आत जाईन, आणि पकडला जाणारच" हे पटलं होतं.

रोज का नाही, याचं उत्तर सरळ आहे. माणसं नाहीत. गणपती, निवडणूक, मोर्चा, व्हीआयपी, सगळा बंदोबस्त त्याच माणसांवर. तालुक्याच्या ठाण्यात मशीन असलं तरी रात्रपाळीला दोघं असतात, त्यातला एक ठाणं सोडू शकत नाही. मंगळवारी साडेसातला नाका लावायचा तर कुणी लावायचा? तुमच्या मामांच्या बाबतीत आम्ही कमी पडलो, हे मी मान्य करतो.

---

सरळमार्ग
३ जानेवारी, सकाळी ९:४५

काकांबद्दल आदर ठेवून बोलतो. सामान्य माणसाला यातली अर्धी मोहीम वसुलीची वाटते. मी स्वतः न पिता पाच वेळा थांबवला गेलोय. आणि माझ्यासमोर एकाने दोन हजार हातात ठेवले आणि निघून गेला. तो पुढे कुणाला उडवणार नव्हता का? असं पाहिल्यावर लोक नाक्याला पोलिसांची कमाई समजतात आणि टाळायला मदत करतात. ग्रुपवरचा तो मेसेज तिथून जन्माला येतो. मी त्याचं समर्थन करत नाही, पण मूळ तिथे आहे.

---

खाकी३३
३ जानेवारी, दुपारी १:१०

सरळमार्ग, तुमचं बरोबर आहे, मी खात्याला पाठीशी घालणार नाही. पण एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. हेल्मेट, सिग्नल यांचा दंड जागेवर किंवा ई-चलनाने भरून मिटतो. १८५ तसा मिटत नाही, तो तडजोडीचा गुन्हाच नाही. केस कोर्टात जाते, दंड न्यायाधीश ठरवतात. म्हणजे पिऊन सापडलेल्याकडून रस्त्यावर कुणी रोख मागितली तर ती शंभर टक्के लाच आहे. लाचलुचपत विभागाचा नंबर १०६४, फुकट आहे. देणारा तक्रार करणार नाही, त्याची सुटका झालेली असते. बघणाऱ्याने करावी.

---

रात्रपाळी_डॉक्टर
३ जानेवारी, रात्री ११:५०

मी एका उपजिल्हा रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. वर त्या दोन तासांचा उल्लेख आला, त्याचं पुढचं टोक आमच्या हातात असतं, म्हणून लिहितेय.

पोलीस माणसाला घेऊन येतात. आम्ही आधी तो कसा चालतो, बोलतो, डोळ्यांच्या बाहुल्या कशा आहेत, डोळे मिटून सरळ उभा राहतो का, बोट नाकाला लावता येतं का, वास येतो का, हे पाहून नमुन्यात भरतो. मग रक्त. नेहमी सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटने पुसतात, इथे ते चालत नाही. स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच. साध्या डिस्टिल्ड पाण्याने किंवा साबणाने पुसायचं. बाटलीत सोडियम फ्लोराइड असतं, त्याने रक्त आंबत नाही, नाहीतर बाटलीतच अल्कोहोल तयार होऊ शकतं. मग लेबल, लाखेचं सील, सह्या, आणि ती बाटली न्यायवैद्यक प्रयोगशाळेत. यातली एक पायरी चुकली की वर्षभराने वकील तीच पकडतो.

रात्री दोन वाजता हे करताना समोर कोण असतं ते ऐका. त्या माणसाची आई असते. काका असतात, कुणीतरी फोन लावून माझ्या कानाला देतो. "मॅडम, पोराचं आयुष्य आहे." शेजारच्या खाटेवर ज्याला त्या पोराने उडवलंय तो असतो, त्याच्याकडे बहुधा फोन लावणारं कुणीच नसतं.

१९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला जे झालं ते सगळ्यांना आठवत असेल. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्श गाडी, दोन तरुण अभियंते गेले. अपघात पहाटे अडीचच्या सुमारास, आणि रक्त घेईपर्यंत सकाळ उजाडून गेली होती. नंतर नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससूनमधल्या डॉक्टरांना अटक झाली. प्रकरण कोर्टात आहे, त्यावर बोलत नाही. पण त्यानंतर मी प्रत्येक बाटलीवरची वेळ दोनदा तपासते. शंभर मिलिलिटर रक्तातली दारू तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅमने उतरते. उशीर म्हणजेच पुरावा नाहीसा होणं.

---

नवखा_मावळा
४ जानेवारी, सकाळी १०:०५

एक प्रामाणिक शंका. आमच्यात म्हणतात एक बीअर चालते, बीअर म्हणजे दारू नाही. आणि लिंबूपाणी किंवा कडक कॉफी घेतली की उतरते. कितपत खरं?

---

रात्रपाळी_डॉक्टर
४ जानेवारी, दुपारी ३:३०

विचारलंत ते फार बरं केलंत, इथेच सगळ्यांची गल्लत होते.

हिशेब मांडू. सत्तर किलोचा पुरुष, रिकाम्या पोटी. ३३० मिलिलिटरची ५ टक्क्यांची बीअर घेतली तर शंभर मिलिलिटर रक्तात साधारण २५ ते ३० मिलिग्रॅम होतात. म्हणजे छोट्या एका बाटलीत तो मर्यादेच्या कडेला आला. आता आपल्याकडे सर्रास मिळते ती ६५० ची स्ट्राँग, ८ टक्के. ती एकटीच त्याला ८० च्या पुढे नेते, मर्यादेच्या जवळपास तिप्पट. वजन कमी असेल तर आणखी. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, तिला तेवढ्याच पेयात जास्त चढते. हे अंदाज आहेत, माणसागणिक फरक पडतो, म्हणूनच "मला माहितीये माझं किती चालतं" हे कुणी म्हणू नये.

कॉफीने जाग येते, आंघोळीने बरं वाटतं, लिंबाने तोंडाची चव बदलते. दारू यकृत उतरवतं, आणि ते आपल्या गतीनेच चालतं. त्याला घाई करता येत नाही.

यातून निघणारी एक गोष्ट कुणी बोलत नाही, सकाळची. रात्री एकपर्यंत क्वार्टरच्या बरंच वर घेतलेला माणूस सकाळी सहाला उठतो, तोंड धुतो, मुलाला शाळेत सोडायला गाडी काढतो. झोप झालीये म्हणून त्याला वाटतं आपण साफ आहोत. पुष्कळदा तो अजून मर्यादेच्या वर असतो.

---

केदार_सिडनी
४ जानेवारी, रात्री ८:१५

मूळचा इचलकरंजीचा, पंधरा वर्षं सिडनीत. इथला अनुभव सांगतो, कारण खाकी काका म्हणाले ते "पकडला जाणारच" इथे रोज दिसतं.

न्यू साउथ वेल्समध्ये १७ डिसेंबर १९८२ पासून पोलीस कुणालाही, कसलाही संशय नसताना थांबवून तपासू शकतात. वास घेत नाहीत, चेहरा बघत नाहीत, रांगेतला प्रत्येक जण. मी पहिल्यांदा थांबवलो गेलो तो रविवारी सकाळी दहाला, भाजी आणायला चाललो होतो. मशीन तोंडासमोर धरून एक ते दहा मोजायला सांगितलं. आठला पोहोचेपर्यंत दिवा लागला, "थँक यू" म्हणून सोडलं. पुरते तीस सेकंदही नसतील.

इथली मर्यादा ५० आहे, आपली ३०. म्हणजे कागदावर भारताचा कायदा कडक आहे. शिकाऊ आणि नव्या लायसन्सवाल्यांना मात्र इथे शून्य. पण मर्यादेपेक्षा मोठा फरक हा आहे की इथे माणूस घरातून निघतानाच ठरवतो, कारण सकाळी, दुपारी, गल्लीत, हमरस्त्यावर, कुठेही मोजायला लावतील. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला प्रत्येक गाडीतला एक जण आधीच ठरलेला असतो, त्याला कुणी आग्रह करत नाही. आपल्याकडे "एक घे रे, काय बायकोला घाबरतोस" हा आग्रह पाहुणचार समजला जातो. मी स्वतः गावी असताना तो केलेला आहे, आणि त्याची मला लाज वाटते.

---

दर्यावर्दी_फोंडा
५ जानेवारी, सकाळी ८:००

गोव्यातून. आमच्याकडे दारू स्वस्त आणि रस्ते अरुंद. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची दुचाकी घेऊन पर्यटक रात्री निघतात, तेव्हा गावची माणसं कडेला उभी राहून वाट देतात. पण सगळं खापर पर्यटकांवर फोडता येणार नाही. ६ ऑगस्ट २०२३ ला बाणस्तारीच्या पुलावर मर्सिडीझने तिघांचा जीव घेतला, तेव्हा अख्खा गोवा हादरला. त्यानंतर सरकारने सांगितलं की बारने झिंगलेल्या गिऱ्हाइकाला टॅक्सी करून द्यावी. विचार योग्य आहे. आमच्या भागात रात्री अकरानंतर टॅक्सी मिळत नाही, हे आधी सोडवायला हवं.

---

धामनदी
५ जानेवारी, सकाळी ११:३५

वर्धा जिल्हा. आमच्याकडे तर दारूबंदीच आहे, माझ्या जन्माआधीपासून. गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला आली, २०२१ ला उठली. मी बंदीच्या बाजूची आहे, आमच्या गावातल्या बायकांनी त्यासाठी आयुष्यं घातली.

पण या धाग्याशी जोडून एक दुखरी गोष्ट सांगते. ज्याला प्यायचीच आहे तो हद्द ओलांडून जातो, पलीकडच्या पहिल्याच बारमध्ये बसतो, आणि परत यायचं म्हणून रात्री तीस-चाळीस किलोमीटर मोटरसायकल हाकतो. बंदीचं गाव आहे म्हणून इकडे ब्रेथ अ‍ॅनालायझरचा नाका लागलेला मी कधी पाहिला नाही. तपासणी असते ती डिकीतल्या बाटल्यांची. पोटातल्या बाटलीकडे कुणाचं लक्ष नाही.

सुप्रीम कोर्टाने २०१६ च्या डिसेंबरात महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दुकानं हटवायला सांगितली, तेव्हा वाटलं होतं आता काही होईल. पुढे छोट्या गावांना २२० मीटरची सवलत आली, मग शहरांच्या हद्दीतले रस्ते वगळले गेले.

---

दावा_प्राधिकरण
५ जानेवारी, दुपारी ४:४०

मोटार अपघात दाव्यांचं काम करतो. कृष्णाकाठ, मामींनी भरपाईचा दावा दाखल केला का? सहा महिन्यांची मुदत आहे, ऑगस्ट धरला तर फार दिवस उरलेले नाहीत. आधी ते करा.

चालवणारा प्यायलेला होता म्हणून पीडिताच्या घरच्यांची भरपाई बुडत नाही. साधारणपणे विमा कंपनीला ती आधी द्यायला लावतात आणि मग कंपनी गाडीमालकाकडून वसूल करते. प्यायलेल्याच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान मात्र कंपनी नाकारते. २०२१ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने तर म्हटलं आहे की श्वासाची किंवा रक्ताची चाचणी झालेली नसली तरी इतर पुराव्यावरून तो नशेत होता असं दिसत असेल तर दावा नाकारता येतो. गंमत म्हणून दोन पेग घेणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. जाहिरातीत कवटीचं चित्र लावण्यापेक्षा हे छापा.

---

कृष्णाकाठ
५ जानेवारी, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. दावा_प्राधिकरण, तुमचं वाचून हात थरथरले. दाखल केलेला नव्हता. त्या मोटरसायकलचा विमाच नव्हता, म्हणून कुणीतरी मामीला सांगितलं होतं की काही उपयोग नाही. उद्या साताऱ्याला वकिलांकडे जातोय.

---

दावा_प्राधिकरण
५ जानेवारी, रात्री ९:४८

विमा नसेल तर मालकावर थेट जबाबदारी येते. उपयोग नाही असं नाही. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वारसांची आधार कार्डं घेऊन जा. मामांच्या डेअरीच्या दुधाची बिलं असतील तर तीही न्या, उत्पन्नाचा पुरावा म्हणून ती फार कामाला येतात.

---

स्टिअरिंग_ठाणे
६ जानेवारी, पहाटे ४:५०

मी रात्री लोकांच्या गाड्या घरी पोहोचवायचं काम करतो. पार्टीतून फोन येतो, मी जातो, त्यांची गाडी त्यांच्या घरी लावतो, पैसे घेतो. आता कल्याण स्टेशनात लोकलची वाट बघत लिहितोय, कारण परतायला साधन नसतं. हाच आमचा मोठा खर्च आणि हाच त्रास.

एवढंच सांगायचंय की फोन करणारा माणूस वाईट नसतो. निम्मे लोक मला बघून आधी ओशाळतात, मग घरी उतरताना हात जोडतात. एका आजोबांनी मला आत बोलावून पाणी दिलं आणि म्हणाले, "माझा मुलगा असाच फोन करता तर आज असता." मी जास्त विचारलं नाही. ३१ तारखेला आम्हाला मागेल ते पैसे मिळतात. साध्या मंगळवारी एकही फोन येत नाही. कृष्णाकाठ भाऊंचं म्हणणं मला तिथे पटलं.

---

शुभदा_नाशिक
६ जानेवारी, सकाळी ९:१५

स्टिअरिंग_ठाणे, तुमची ही पोस्ट मी ह्यांना वाचून दाखवली. नीट घरी जा.

---

सरळमार्ग
६ जानेवारी, दुपारी १२:००

मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. कालपासून नाक्याचे मेसेज काढून टाकतोय आणि कारण लिहितोय. दोघांनी ग्रुप सोडला. राहू दे.

---

कृष्णाकाठ
१८ फेब्रुवारी, रात्री १०:४०

धागा वर आणतोय, कळवायचं होतं.

मामीचा दावा २९ जानेवारीला दाखल झाला. डेअरीने तीन वर्षांची बिलं एका दिवसात काढून दिली.

दुसरं असं की परवा मामेभावाची हळद होती. आमच्याकडे हळदीला आता डीजे आणि त्याच्या मागे बाटल्या असतात, ते थांबवायची ताकद माझ्यात नव्हती. मामेभाऊ मात्र ठाम होता. "बापाचं वर्ष झालं नाही, माझ्या हळदीतून पेलेला माणूस गाडीवर जाणार नाही" असं त्याने मांडवात उभं राहून माइकवर सांगितलं. दारात स्टीलचा डबा ठेवला. ज्याला बसायचं आहे त्याने किल्ली डब्यात टाकायची, त्याच्या किल्लीला नावाची चिठ्ठी बांधायची, रात्री क्रूझर जीप घरी सोडेल, सकाळी किल्ली घेऊन जायची.

तेवीस गाड्या होत्या. अकरा किल्ल्या डब्यात आल्या. सात-आठ जण न पिता जेवून गेले, त्यातले दोघं नेहमीचे पिणारे होते. तिघांनी वाद घातला, त्यातला एक माझा सख्खा चुलता, तो रागाने न जेवता निघून गेला, पण साफ होता. एकाने डब्यात किल्ली टाकली आणि खिशातल्या दुसऱ्या किल्लीने गाडी काढली. मामेभाऊ हळदीच्या अंगाने त्याच्यामागे पळत गेला आणि फाट्याच्या अलीकडे, जिथे मामांना उडवलं होतं त्याच्या शंभर पावलं आधी, त्याला गाठून गाडीवरून उतरवलं. दोघंही तिथेच रस्त्याच्या कडेला बसून रडले असं नंतर कळलं.

सकाळी पोरं किल्ल्या न्यायला आली. मामीने सगळ्यांना चहा केला. एकेक जण चिठ्ठी बघून आपापली किल्ली उचलत होता, कुणी काही बोलत नव्हतं.

---

नवखा_मावळा
१९ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

दादा, मार्चमध्ये आमच्याकडे बहिणीची हळद आहे. क्रूझरवाल्याने किती घेतले, आणि किती फेऱ्या लागल्या?

---

कृष्णाकाठ
१९ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

दोन फेऱ्या, डिझेलसकट अठराशे. रात्री साडेबारापर्यंत थांबायचं आधीच ठरवून घे, नाहीतर तो अकरालाच निघतो. आणि चिठ्ठ्यांना रबर लाव, दोऱ्याच्या गाठी सुटत होत्या.